गालावरचं बटण

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे खटपट्या म्हणतात. नाव मीच ठेवलं. शाळेत असताना त्याने आईचा मिक्सर दुरुस्त करायला घेतला आणि पुन्हा जोडल्यावर मूठभर स्क्रू उरले. "ते जादाचेच होते," असं तो छाती काढून म्हणाला. मिक्सर चालला, पण त्यानंतर आई लांबूनच बोट पुढे करून बटण दाबायची.

आम्ही दोघं एकाच पलंगावर बसून गेम खेळत मोठे झालो. तो हरायचा. हरला की कंट्रोलरला शिव्या द्यायचा. नाचता येईना अंगण वाकडं. बाकीची पोरं चिडून कंट्रोलर फेकतात, हा उघडायचा. बटणाखालचं रबर झिजलंय का, वायर सुटलीय का, ते बघत बसायचा. सोल्डरिंग तिथेच शिकला. मी त्याला इतकं हरवलं नसतं, तर हा माणूस आज कुठल्यातरी ऑफिसात सुखाने फायली सरकवत असता.

मग मला एकेक स्नायू निकामी करत जाणारा हा आजार झाला. आधी बोटं गेली. खटपट्याने कंट्रोलरमधल्या कडक स्प्रिंगा काढून मऊ बसवल्या. अंगठे गेले, तेव्हा जुन्या गेमच्या मशीनचं बशीएवढं बटण आणून माझ्या कोपराखाली लावलं. कोपर गेलं तेव्हा हनुवटीखाली. आजार माझी एकेक खोली बळकावत होता आणि हा माझं सामान पुढच्या खोलीत हलवत होता.

शेवटची खोली म्हणजे डावा गाल. आवाज गेला होता, डोळे उघडे राहायचे पण बुबुळ हलत नव्हतं, आणि घशातल्या नळीतून एक मशीन माझ्यासाठी श्वास घेत होतं. खटपट्याने नखाएवढी पट्टी गालावर चिकटवली. कातडी जराशी वाकली की पट्टीतून सिग्नल जायचा, वायरीने साबणाच्या डबीत बसवलेल्या सर्किटपर्यंत, आणि तिथून पडद्यावर. पडद्यावर एक माणूस पळत असायचा. मी गाल हलवला की तो उडी मारायचा. बोलायचं असेल तर एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. एवढ्याशा गालावर मी आईशी भांडायचेसुद्धा, आणि जिंकायचे.

एक दिवस तो माणूस आपोआप उड्या मारायला लागला. आईला कोण आनंद झाला! "बघ रे, कशी खेळतेय!"

"ती नाही गं आई, मशीन आहे," खटपट्या म्हणाला. "हवा आत गेली की गाल थोडा फुगतो. बघ ना, प्रत्येक श्वासाला उडी. माणूस इतका नियमित नसतो."

आईचं तोंड उतरलं. पण तेव्हा त्याचं बरोबर होतं, आणि माझे हात हलत असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. त्याने सबंध दुपार बसून डबीला शिकवलं की श्वासाबरोबर जे येईल ते सोडून द्यायचं, ती नुसती खरखर. माणूस थांबला. मी दाबलं, तसा उडाला. "गेली की नाही खरखर?" त्याने विचारलं. मी एकदा दाबलं.

पुढे गालही थकला. मी दाबायचे आणि काही हलायचं नाही. फक्त मशीन हवा आत ढकलायचं, त्या क्षणी गाल जरा उचलला जायचा, आणि त्यात माझा जोर मिसळला तर तो हलायचा. अडकलेलं दार दोघांनी मिळून ढकलावं तसं. म्हणून मी प्रत्येक श्वासाला दाबायला लागले. एकही चुकवला नाही. आणि डबी तिला शिकवल्याप्रमाणे इमानेइतबारे प्रत्येक दाब फेकून देत होती. मला हे कळायला वेळ लागला नाही. पण कळून सांगू कुणाला आणि कशाने?

पडद्यावरचा माणूस खड्ड्यात पडून राहायचा. खटपट्या "ताई, दाब ना, एकदाच दाब" म्हणत उशाशी बसायचा. काही दिवसांनी म्हणेनासा झाला. डॉक्टर आले, डोळ्यांत टॉर्च मारून गेले. "त्या आता प्रतिसाद देत नाहीत. मनाची तयारी ठेवा," असं माझ्या डोक्यावरून बोलले. आधी आई माझ्याशी बोलायची, मग माझ्याविषयी बोलायला लागली, तेही माझ्यासमोरच. मी घरात आहे की नाही, ते आता एका साबणाच्या डबीवर ठरत होतं.

मग रविवारी सकाळी खटपट्याला खोलीतच फोनवर बोलताना ऐकलं. त्याच्या हौशी मंडळींच्या ग्रुपातला कुणीतरी होता. त्या माणसाच्या वडिलांना हाच आजार. "हो, पट्टी, डबी, सगळं देतो," खटपट्या म्हणाला. "नाही, इथे आता... इथे लागत नाही."

दुपारी लॅपटॉप घेऊन आला. दुसऱ्याला वस्तू द्यायची तर तपासून द्यायची, हा त्याचा बाणा. पट्टी माझ्या गालावरच होती. त्याने डबीतला तो श्वासाची खरखर गाळायचा नियम काढून टाकला आणि पट्टीतून येईल ते जसंच्या तसं पडद्यावर आणलं. लॅपटॉप नेमका माझ्या नजरेसमोर. हिरवी रेघ सरळ चालली, श्वास आला, उंचवटा आला. पुन्हा सरळ, पुन्हा उंचवटा. माझा उंचवटा! कितीतरी दिवसांनी मी मला बघत होते.

"बघ आई, अजून तीच खरखर," तो म्हणाला. "प्रत्येक श्वासाला."

तेव्हा मला उमगलं. जितक्या नेमाने मी दाबत होते तितकी मी मशीन दिसत होते. मशीन कधी चुकत नाही. मला चुकायला हवं होतं.

दोन श्वास दाबलं, तिसरा सोडला. सोडणं महाकठीण; इतके दिवस जी दोरी धरून होते तीच हातातून सोडायची. पण सोडला. दोन मोठे उंचवटे आले आणि तिसरा बुटका, एकट्या मशीनचा. पुन्हा दोन मोठे, एक बुटका. पुन्हा.

खटपट्या पुढे वाकला. "हे काय?" तो पुटपुटला. "दोन मोठे, एक लहान. परत दोन मोठे, एक लहान."

आई उठून आली. "काय झालं रे?"

मी आत नुसती ओरडत होते. अरे गाढवा, मीच! तुझी ताई! मोजतोस तर नीट मोज!

त्याने अंगठा पट्टीवर ठेवून चिकटपट्टी दाबली. त्याच्या अंगठ्याखाली माझा गाल कुठला हलतोय. रेघ सपाट झाली. अंगठा काढला, वायर हलवली, रेघ वेडीवाकडी थरथरली. त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"लूज कॉन्टॅक्ट आहे," तो म्हणाला. "जोड सुटलाय. मधूनमधून सिग्नल पडतोय. पुन्हा सोल्डर करतो आणि मग देतो."

आई पडद्याकडे बघत राहिली. "मला वाटलं..."

"काय?"

"काही नाही." यंत्रातलं आपल्याला कळत नाही, हे तिला आता पाठ झालं होतं.

मला त्याचा भयंकर राग आला. उभ्या जन्मात कुणाचा आला नव्हता इतका. आणि त्याने कोमट पाण्यात कापूस बुडवून माझा गाल भिजवायला घेतला तेव्हा तितकीच माया आली, त्याला मी काय करू? कातडी ओढली जाऊ नये म्हणून तो चिकटपट्टी कडेकडेने, अगदी सावकाश सोडवत होता. पट्टी सुटली. त्याने ती पुसून तळहातावर घेतली.

"दुखलं नाही ना, ताई?" त्याने सवयीने विचारलं.

मशीनने हवा आत ढकलली. मी होता नव्हता तेवढा जोर लावून दाबलं. तो वायर डबीभोवती नीट गुंडाळत होता.