दोन जावांचा गोळा

धाकटीने एकदा जेवताना थोरलीच्या भाजीला नुसतं 'बरी आहे' म्हटलं, तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं. काम मात्र घरच्याच शेडमध्ये. सासरे वेल्डिंग करायचे, सुना पॉलिश करायच्या आणि निरोप सासऱ्यांमार्फत जायचे.

"मामंजी, त्यांना सांगा, पंखा बंद करा. भुकटी उडतेय."

"ऐकलंय तिनं," असं म्हणत मामंजी स्वतःच उठून पंखा बंद करायचे.

अशात एका बागेसाठी स्टीलचा भलामोठा गोळा करायचं काम आलं. आरशासारखा लख्ख हवा होता. मामंजींनी दोन अर्धगोल जोडले आणि कटकट नको म्हणून एकेक बाजू वाटून दिली. दोघी इरेला पेटल्या. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी कापडी चाक आणि पॉलिशचा साबण. तोंडं काळी झाली, पण गोळा असा चमकला की बघत राहावं.

फक्त मधोमध, सांध्यावर, धुरकट पट्टा राहिला होता. दुसरीचं काम आपण का करायचं, म्हणून दोघींनीही सांध्याच्या अलीकडेच हात आखडला होता.

मामंजींनी चष्मा पुसला. "एकीने गोळा फिरवायचा, एकीने घासायचं. मी चाललो चहाला."

ते गेले ते गेलेच. थोरलीने मशीन उचललं. धाकटी गोळा फिरवू लागली, तोही भराभर.

"मामंजी, त्यांना..." थोरली थांबली. शेडमध्ये तिसरं कुणी नव्हतं. "अगं, जरा हळू."

"एवढं?"

"हां, असंच."

थोड्या वेळाने धाकटी म्हणाली, "ताई, तिथे दाबू नका. तापून निळं पडेल."

थोरलीने हात हलका केला. पट्टा विरत गेला. दोघींनी मऊ कापडाने गोळा पुसला आणि त्यात वाकून पाहिलं. दोघींची नाकं बटाट्याएवढी.

"तुझं जास्त मोठं आहे," थोरली म्हणाली.

धाकटीला हसू आवरेना. मग थोरलीलाही आवरेना. मामंजी परतले तेव्हा दोघी खाली बसून डोळे पुसत होत्या. मामंजींकडे दोघींपैकी कुणी पाहिलंही नाही.

गोळा बागेत बसवला त्या संध्याकाळी दोघी समोरच्या बाकावर शेंगदाणे खात बसल्या. एका चिमुरडीने दोन्ही चिकट तळवे गोळ्यावर थापले. धाकटी कापड घेऊन उठू लागली.

थोरलीने तिला हाताला धरून खाली बसवलं. "राहू दे गं. बघ तरी, कशी वेडावून दाखवतेय स्वतःलाच."