पडद्यावरचं शून्य

मंजिरीने टेबलावरच्या सेन्सरची वायर उपटली. खरं तर भोंगा वाजायला हवा होता. वाजला नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 0.0 आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं.

तिने वायर परत लावली, 0.4 आलं. उपटली, पुन्हा शून्य. समता कॉलनीतल्या त्या छोट्याशा ऑफिसात भर दुपारी तिने यंत्रासाठी लिहिलेला आपला जुना प्रोग्रॅम उघडला.

सेन्सर पाठवतो तो मजकूर. त्याचा आकडा करायला 'सी' या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत atof नावाची आज्ञा आहे, एका ओळीत काम होतं. पण ही बया भारी भिडस्त. आकड्याऐवजी बिघाडाचं 'ERR' समोर आलं किंवा काहीच आलं नाही, तरी तक्रार करत नाही, मुकाट शून्य हातावर ठेवते. तिच्याऐवजी strtod ही दुसरी आज्ञा वापरली असती, तर आकडा मिळालाच नाही हे कळलं असतं. त्यासाठी चार ओळी जास्त लिहाव्या लागतात. दोन वर्षांपूर्वी त्या चार ओळींचा कंटाळा मंजिरीनेच केला होता, त्यामुळे खापर फोडायला दुसरं डोकंही नव्हतं.

बीरगांवच्या एका भट्टीत विषारी वायू मोजायला असंच यंत्र बसवलं होतं. त्या वायूला ना रंग, ना वास. चालू भट्टीपाशी तीन-चार तरी आकडा असतोच, आणि तिथे परवापासून शून्य दिसत होतं. काल तर तिथल्या लोकांनी वायू संपला या आनंदात पडद्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला. फोटो ग्रुपवर आला तेव्हा मंजिरीनेही हात जोडले होते. आता तो फोटो आठवून तिला स्वतःचीच चीड आली.

तिने सुपरवायझरला फोन लावला.

"यशदीपभाऊ, आत कोणी गेलंय का?"

"हव ताई. तुळशीराम गेला ना, मोठ्या पाइपातली राख काढून राहिला. काहून?"

यंत्र बसवलं त्या दिवशी याच तुळशीरामने तिला आपल्या डब्यातला चिला, तांदळाचं धिरडं, आग्रहाने खाऊ घातला होता.

"मास्क लावून गेला?"

"झिरो आहे तं मास्क कायले? पन्नासच्या वर गेलं तं लावाचा, तुम्हीच तं सांगितलं होतं."

"भाऊ, सेन्सर बंद पडलाय. तो झिरो खोटा आहे. त्याला आवाज द्या, लवकर!"

पलीकडून यशदीपची हाक ऐकू आली, "तुळशीराम! ए तुळशीराम!" एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जोरात.

"ओ देऊन नाही राहिला ताई." त्याचा आवाज बदलला होता. "थांबा, मी पाहून येतो."

"नाही! भाऊ, तुम्ही तसेच आत जाऊ नका! आधी मास्क..."

फोन कशावर तरी ठेवल्याचा खट्ट आवाज झाला. मंजिरी ओरडत राहिली. लोखंडी पायऱ्यांवर बूट वाजले, चार-पाच वेळा. मग भट्टीची घरघर तेवढी येत राहिली.