सदऱ्याचा वास

"झालं का हो?" बायकोनं दारातून विचारलं.

अर्कवाला दोन बरण्यांपैकी पहिलीत नाक घालून उभा होता. दवणा, बडीशेप, संत्र्याची साल महिनाभर दारूत निजली होती. पाल्याचा कच्चा वास मोडून मधाचा वास सुटला, की त्याच दिवशी पाला काढायचा. दिवस चुकला, की बरणी कडू. चाळीस वर्षं हा दिवस त्याचं नाक सांगत आलं होतं. यंदा ताप आला आणि जाताना नाक घेऊन गेला. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आज काढतो," तो म्हणाला. बोलला खरा, पण आत नुसता काळोख.

दुपारी जुनं गिऱ्हाईक, हॉटेलवाला, आला. "काका, दोन्ही बरण्या माझ्या. लोकांना गार करून देऊ ना?"

"गार केलीस तर मुकी होते ती. अंगठ्याएवढा पेला मुठीत धर, तुझी ऊब लागू दे. आधी वास. मग घोट जिभेवर ठेव आणि गप्प बस. बोलणाऱ्याला ती काही सांगत नाही."

पहिल्या बरणीतला पेला घेऊन हॉटेलवाल्यानं तसंच केलं. मग पेला हळूच खाली ठेवला. "काका, ही नुसती कडू आहे. तुमच्या हातची वाटत नाही." जाताना तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू."

बायकोनं उष्टा पेला उचलला. "मला वाटलं, मुद्दामच कडू ठेवलीत."

"म्हणजे?"

"परवा तुमचा सदरा धुवायला घेतला, तर मधाचा वास. दरवर्षी सदऱ्याला तो वास आला, की तुम्ही पाला काढलेला असतो. यंदा काढला नाहीत."

त्यानं बरणीचं झाकण लावलं. "मला काहीच येत नाही गं. कसलाच वास."

"म्हणून काल करपलेलं दूध गुमान प्यालात," ती म्हणाली.

दुसरी बरणी चार दिवस उशिरा भरलेली होती, तिचा पाला अजून आतच होता. तेवढीच आता उरली होती. त्यानं धुतलेल्या पेल्यात तिच्यातला घोटभर ओतला. जन्मात थेंब न चाखलेल्या बायकोच्या हातात पेला दिला आणि तिची बोटं आपल्या हातांनी त्याच्याभोवती मिटली.

"ऊब लागू दे. आता वास घे. मग घोट. गिळू नको लगेच."

तिनं डोळे मिटले.

"सांग ना," तो म्हणाला. मग त्याला आपलेच शब्द आठवले. पेल्यात बघावं तसा तिच्या ओठांकडे बघत तो गप्प बसला.