लाल डब्याचा शेवटचा घोट

मित्रांनो, मी एक जुना डबाभर कडक इंधन होतो. आता एका गाडीच्या टाकीत तळाशी घोटभर उरलो आहे आणि अजून हादरलेलोच आहे. विझायच्या आत सांगून टाकतो.

माझा जन्म बडनेऱ्याचा, ज्योत्स्नाच्या संगणकावरच्या कारखान्याच्या खेळातला. खनिज तेल, कोळसा आणि गंधक एकत्र करून तिने मला बनवले, लाल डब्यात भरले. साधे तेल जिथे धापा टाकते, तिथे मी गाडी पळवतो. डोंगरमाथ्यावरच्या रॉकेटसाठी असे डबे साठवण्यात तिचा अख्खा उन्हाळा गेला. रॉकेटमध्ये जायचे म्हणून मी काय तोऱ्यात होतो!

तिचे बाबा श्रावणजी वरूडला संत्र्याचे ट्रक भरायचे. ट्रकवरून पडून पाय मोडला, तसे ते लेकीकडे आले आणि बोलणेच सोडून बसले. तिने हा खेळ शिकवला तेव्हा कुठे माणूस हसू लागला. म्हणून आज रॉकेटकडे डबे नेणारी गाडी भरायचे आणि चालवायचे काम तिने त्यांनाच दिले.

आणि बाबांनी काय करावे? डब्यांच्या प्रत्येक थरावर पाला अंथरला! अहो, या खेळातली गाडी भरलेल्या मालात सगळ्यात वर जे जळण दिसेल ते आधी जाळते. पाल्यावर ती कुठवर चढणार? ऐन चढावर अडली. मागे दरी, दरीत आम्लाचे तळे.

"बाबा! पाला कावून भरला?" ज्योत्स्ना किंचाळली.

"गचके बसतीन ना पोरी. संत्र्याले गवत टाकतोच ना आमी."

"हे काय संत्रं आहे? साऱ्याची माती केली तुमी!"

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "माह्यानं आता काईच होत नाही," म्हणत त्यांनी कळांवरून हात काढला. ब्रेक सुटला. गाडी मागे घरंगळू लागली. माझी बोबडीच वळली! पण खरे सांगतो, तळ्यापेक्षा मला बाबांच्या त्या वाक्याची जास्त भीती वाटली. आता हा माणूस पुन्हा मुका होणार!

ज्योत्स्नाही चपापली. तिने त्यांचा हात धरून परत कळेवर ठेवला. "चुकलं माहं, बाबा. ब्रेक दाबा. गाडी तुमीच चढवा." गाडी दरीच्या काठावर थांबली. तिने पाला फेकला आणि मला टाकीत ओतले.

"अवं, राकेटाले डबा कमी पडन ना!"

"पडू द्या. दुसरा बनवू."

मी पेटलो. गाडीने अशी उसळी घेतली की बाबा खुर्चीतच ओरडले, "अरे बाप्पा! हे तं उडूनच राहिली!"

माझे रॉकेट हुकले, मित्रांनो. हुकू दे. आम्ही डबे गचके सोसतो, आम्हाला पाला लागत नाही. माणसांना लागतो. घरच्यांशी बोलताना तेवढा थर अंथरत जा.

माथा आला. मी संपत आलो. पडद्यापलीकडे बाबा विचारत आहेत, "पोरी, उद्या कोणती गाडी भरायची?"