ठोकळ्याची अंगाई

मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे, मित्रांनो. दिसायला ओबडधोबड, पण नदीत पुलाचे खांब ठोकण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे!

भट्टीतून निघालो तो थेट नदीकाठी आलो. टोळीचा मुकादम आणि त्याची बायको चरखीवर दोर गुंडाळत मला उंच चढवायचे. घाम त्यांचा, उंची माझी! खटका सुटला की पृथ्वी मला ओढायची आणि मीही तिला ओढायचो. एवढी अवाढव्य ती, दिसण्याइतकी हलायची नाही, पण माझ्यासाठी जराशी वर यायची खरी. मुकादम आणि त्याच्या बायकोचे कष्ट पृथ्वीत आणि माझ्यात मिळून साठलेले असत. मी खाली येताना त्या कष्टांचाच वेग व्हायचा आणि धाडकन खांब जमिनीत शिरायचा. काय मजा यायची म्हणून सांगू!

मग त्यांना मुलगी झाली. काठावरच्या पत्र्याच्या खोलीत पाळणा टांगला. पोरीची झोप मोडू नये म्हणून मुकादमानं खांबाच्या डोक्यावर चिंध्यांची पोती घातली. आता मी पडलो की नुसतं धप्प व्हायचं. आवाज गेला म्हणून सगळे खूश, पण खांब काही जागचा हलेना! तो शेवटचा खांब पाणी चढायच्या आत बसला नाही, तर अर्धा पूल वाहून जाणार होता. त्यात पोरगीही रडून रडून जीव नकोसा करी.

"ठोकळा म्हातारा झाला. भंगारात देऊ," मुकादम म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याची बायको खांबापाशी गेली. तिनं पोत्यांवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. पोती चांगलीच तापली होती.

"अहो, याचा जोर कुठे गेलाय? तो पोत्यांनी खाल्लाय. हात लावून बघा."

पोती निघाली. मी वर चढलो, सुटलो आणि धाड! खांब वीतभर खाली गेला. त्याच क्षणी खोलीतलं रडणं थांबलं. आई धावत गेली. जमिनीच्या हादऱ्यानं पाळणा हलकेच डुलत होता आणि लेक गाढ झोपली होती.

"पोटात होती तेव्हापासून हेच ऐकत आलीये ती," आई हसत म्हणाली.

पूल वेळेत उभा राहिला. आता मी त्याच्या तोंडाशी बसून असतो. ती मुलगी रोज शाळेत जाताना माझ्यावर बसून बुटाची नाडी बांधते.

मित्रांनो, कुणाचे कष्ट कधी नाहीसे होत नाहीत, फक्त दुसरीकडे जातात. म्हणून एखाद्या म्हाताऱ्याला भंगारात काढण्याआधी, मध्ये कुणी पोतं तर घातलं नाही ना, एवढं बघा.