तयार खेळाडू

लागोपाठ नववा सामना हरल्यावर अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या एका छोट्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक हार्लन व्हॉस याच्याकडे त्याचा सगळ्यात चांगला खेळाडू डेझमंड आला.

"सर, मी दुसऱ्या कॉलेजात चाललोय."

"यंदाचा तू चौथा."

"तुम्ही बाहेरून तयार खेळाडू आणता, सर. तयार आलेले तसेच निघूनही जातात."

हार्लनला ते झोंबलं. सोमवारी तो गावच्याच शाळेत गेला. कॉलेजात नोकरीला लागल्यापासून सहा वर्षांत त्यानं तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. शाळेचा प्रशिक्षक खुर्चीतून उठलाही नाही.

"वाट चुकलात की काय?"

"दोन पोरं द्या. चार वर्षांत घडवतो."

"तोवर कॉलेज तुम्हाला ठेवेल?"

 हार्लन बाहेर जाऊन मैदानाच्या कडेच्या बाकावर बसला आणि गार वाऱ्यात पोरांचा सराव शेवटपर्यंत बघत राहिला.