गोधडीमागची दहा बोटं

मी टेंभुर्णीच्या वंदनाचा कॅमेरा बोलतोय. पोटात शेकडो हसरे पाहुणे आहेत, पण ज्या एका चेहऱ्याबद्दल आज बोलायचंय, नेमका तोच माझ्यापाशी नाही.

माझी उमेदीची वर्षं जालन्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे गेली. अक्षता, पंगती, रुसवेफुगवे टिपून टिपून जीव विटला होता. त्याने नवा कॅमेरा घेतला आणि मी वंदनाकडे आलो.

वंदना आणि तिची सासू सोनूबाई घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गोधडी शिवायला शिकवायच्या. संभाजीनगर-पुण्याहून पाहुणे यायचे, दिवसभर धावदोरा घालायचे, बोटं टोचून घ्यायचे आणि खूश होऊन जायचे. त्यांचे फोटो पाहूनच पुढचे पाहुणे येत, म्हणून फोटो चांगला यायलाच हवा. वंदना मोठी हुशार! पाहुण्यांना दाराच्या उजेडात बसवायची, "माझ्याकडं नका बघू, सुईकडं बघा" म्हणायची आणि पहिला टाका सरळ पडून हसू फुटलं, की बटण दाबायची. चेहरा लख्ख आणि मागचं सगळं धूसर करण्यात माझा हातखंडा. त्याची मला भारी घमेंड होती.

अडचण एकच, मागचा गंजका पत्रा. कितीही धूसर केला तरी कळकट दिसायचा. उपाय सोनूबाईनेच काढला. पाटावर उभी राहून ती पाहुण्यांच्या मागे तयार गोधडी दोन्ही हातांनी उंच धरायची. बाई ठेंगणी, त्यामुळे अख्खी झाकून जायची. वर दिसायची फक्त दहा बोटं.

"आत्याबाई, जरा वर धरा," वंदना सांगायची.

"धरली की! हात गळून पडायच्या आत काढ बाई जल्दी," गोधडीमागून आवाज यायचा आणि पाहुणे खळखळून हसायचे. फोटो काय झकास यायचे म्हणता!

दिवाळीनंतर एकदा कार्यशाळा संपली, पाहुणे गाडीकडे निघाले. सोनूबाईने पदर नीट केला, नवी गोधडी मांडीवर घेतली आणि दारात बसली.

"वंदे, माझा बी एक काढ ना. दैवशालाला दाखवीन." दैवशाला तिची लेक, आष्टीला दिलेली.

माझा बॅटरीचा दिवा लाल झाला होता. वंदना म्हणाली, "आत्याबाई, एखादाच निघंल आता. पाहुण्यांचा गाडीपाशी काढायचा राह्यलाय. तुमचा उद्या काढते."

"काढ, काढ. मी कुठं पळून चालले?"

तो एक फोटो मी गाडीपाशी काढला. हात हलवणारे पाहुणे, उत्तम उजेड. दुसऱ्या दिवशी कापसाची वेचणी निघाली, मग आणखी काही. घरातल्या माणसाचा फोटो काय, कधीही काढता येतो! सतराव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता सोनूबाई गेली.

दैवशाला आली. "वैनी, मायचा फोटो दे. भितीला लावायला एक बी न्हाई."

आधार कार्डावरचा मोठा करून पाहिला. त्यात सोनूबाई घाबरल्यासारखी दिसत होती. "ही माझी माय न्हाईच," दैवशाला म्हणाली. मग वंदना माझ्या पडद्यावर एकेक फोटो मोठा करून शोधत बसली. प्रत्येक फोटोत गोधडीच्या काठावर दहा बोटं, आणि तीही धूसर. मीच केलेली. मीच मला म्हणालो, मेल्या, एकदा तरी चुकायचं होतंस! एकदा तरी फोकस मागे जाऊ द्यायचा होतास!

"वैनी, घरात येवढा मोठा कॅमेरा होता ना गं," दैवशाला एवढंच बोलली. वंदनाने मला उपडं ठेवलं आणि तोंडाला पदर लावला.

आता माझं वय झालंय, बटण अडकतं. गोधडी हल्ली दोरीवर टांगतात. परवा पाहुणे आले. वंदनाने मला डोळ्याला लावलं, उजेड पाहिला आणि सवयीने बोलून गेली, "आत्याबाई, जरा वर धरा."

गोधडीमागून कुणी बोललं नाही. पाहुणे गोंधळून एकमेकांकडे बघत राहिले. वंदना तशीच वळली आणि चहा करणाऱ्या कांताबाईंना म्हणाली, "हात पुसा आन् आधी तुमी बसा इथं."

"अगं, माझा कशाला? पाहुण्यांचा काढ की."

"बसा म्हणते ना!"

तुमच्याही घरात मागे उभं राहून काहीतरी धरून ठेवणारं कुणी असेल. त्याला उद्यावर टाकू नका. कांताबाईंचा फोटो छान आला, एकेक सुरकुती स्पष्ट. सोनूबाईचा मात्र राहिलाच.